दुसऱ्या बाजूची सरळ रेघ

रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात काकूंना समोर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे 'कान' म्हणत. "कान आले का?" "कानांनी ती रेकॉर्ड अजून सोडलेली नाही." "आज कानांपासून जरा लांबच राहा." काकूंना हे माहीत होतं, कारण पाठीमागे बोललेलंही त्यांना ऐकू येई. पगार त्यासाठीच होता.

त्यांची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला, प्रेसच्या धडधडीपासून दोन दारं आणि एक बोळ सोडून. भिंतींना जाड नमदा, एक टेबल, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दोन स्पीकर, हवा तसा वाकणारा दिवा आणि एक खुर्ची. खुर्ची कुरकुरते म्हणून तिचे चारही पाय काकूंनी स्वतः नमद्यात गुंडाळले होते. आत यायचं तर चपला बाहेर, खिशातल्या किल्ल्या बाहेर, आणि सर्दी झाली असेल तर माणूसच बाहेर.

कुठलीही नवी रेकॉर्ड छापायची तर आधी चार नमुने निघत आणि त्यातला एक काकूंकडे येई. त्या डोळे मिटून दोन्ही बाजू पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत ऐकत. टिकटिक, चरचर, घरघर, सूर डुगडुगणं, जे काही सापडेल ते लांबट वहीत मिनिट-सेकंदासकट उतरवत. दोष नसेल तर पाकिटावर शिक्का मारत. शिक्क्यावर 'उत्तम' नव्हतं की 'पास' नव्हतं. 'ऐकले' एवढंच होतं. काकूंना हा शब्द पसंत होता. सत्तावीस वर्षांत त्यांनी बालगीतं ऐकली, लष्करी बँड ऐकले, टंकलेखनाचे धडे आणि घोरणं थांबवण्याचे व्यायामसुद्धा ऐकले, आणि एकाबद्दलही कधी मत दिलं नाही. "आवडलं का?" असं कुणी नवख्याने विचारलंच तर म्हणत, "आवडून घ्यायचं काम गिऱ्हाइकाचं. मी फक्त ऐकते."

घरी नेमकं उलटं होतं. काकूंचे यजमान गवंडी. चाळीस वर्षं दगडावर छिन्नी चालवून त्यांचा उजवा कान पार गेलेला आणि डावा मर्जीचा मालक. काकूंना वरच्या मजल्यावरचा गळका नळ ऐकू येई. गवंडीबुवांना दारावरची घंटा ऐकू येत नसे. लग्न होऊन दुसरीकडे गेलेली मुलगी म्हणायची, "दोघांचे मिळून कान चारच. वाटणी तेवढी चुकली."

अशा या काकूंनी मागच्या वर्षी एक चूक केली होती. सत्तावीस वर्षांतली एकच, पण चांगली ठसठशीत.

शहरातल्या एका चौकडीने आपली पहिली रेकॉर्ड छापायला आणली होती. सायकेडेलिक रॉक म्हणतात ते. ऐकताना डोकं गरगरलं पाहिजे अशी अपेक्षा असते. चौकडीत एक गायिका, एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि एक वायरवाला. वायरवाला नक्की काय वाजवतो ते चौकडीलाही धड सांगता येत नसे, पण तो आल्याशिवाय तालीम सुरू होत नसे. नमुने निघाले तेव्हा काकू मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. परत आल्या तर तीनशे रेकॉर्डी छापून तयार. त्यांनी ढिगातली एक उचलली, लावली, आणि पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकसारखी सळसळ ऐकून वहीत लिहिलं, 'सगळीच वाया.' कानांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तीनशेच्या तीनशे दळून काळा चुरा केला, गोण्यांत भरला. आणि दुसऱ्या दिवशी चौकडी माल न्यायला आली तेव्हा उलगडा झाला, की ती सळसळ म्हणजे गिटारवाल्याने सबंध वेळ पत्र्यावर वाळू ओतली होती. मुद्दाम. त्यांच्या मते पहिल्या अल्बमचा तो आत्माच होता.

"वाळूच ना?" गवंडीबुवा घरी म्हणाले. "मला विचारायचंस. वाळू मी कुठेही ओळखतो."

"तुम्हाला ऐकू आली असती का?"

"काय?"

"काही नाही."

कारखान्याचा साहेब पस्तिशीचा, अंगाने बारीक आणि रागावला की आणखी हळू बोलणारा. त्याने नव्याने तीनशे छापून दिल्या. चुऱ्याच्या तीन गोण्या मात्र काकूंच्या खोलीबाहेरच्या बोळात ठेवायला लावल्या. "जागा नाही हो गोदामात," असं म्हणाला. जागा होती. काकू वर्षभर त्या गोण्यांना वळसा घालून कामाला जात राहिल्या. आणि साहेब आणखी एक बोलला होता, अगदी हळू: "काकू, एकदा होतं माणसाकडून. पुन्हा झालं तर मात्र तुम्हाला पॅकिंगमध्ये बसवावं लागेल."

पॅकिंगमध्ये रेडिओ चालू असतो आणि आठ जणी एकदम बोलतात. काकूंच्या दृष्टीने याहून मोठी शिक्षा कायद्याच्या पुस्तकात नव्हती.

यंदा चौकडीचा दुसरा अल्बम आला. आल्या आल्या त्यांनी बोळातल्या गोण्या पाहिल्या, त्यात काय आहे ते विचारलं, आणि हरखून गेले.

"म्हणजे आमचाच पहिला अल्बम आहे हा! पिठाच्या रूपात!" गायिका म्हणाली. "साहेब, दुसरा ह्याच्यातूनच छापायचा."

"दळलेला माल आहे. थोडा खसखस आवाज येतो," साहेब म्हणाला.

"येऊ दे की. पहिला अल्बम खालून बोलतोय असं वाटेल."

साहेबाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. गोण्या बोळातून हलणार याचा त्यांना आनंद झाला होता, पण आपली चूक आता दोन्ही बाजूंनी मिळून बेचाळीस मिनिटं ऐकावी लागणार हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

या वेळी मात्र त्या सावध होत्या. "मला यादी हवी," त्या चौकडीला म्हणाल्या. "गाणी सोडून जे जे आवाज मुद्दाम घातलेत, ते सगळे. मिनिट आणि सेकंद लावून."

"सगळे?" वायरवाल्याने विचारलं.

"तुम्हाला आठवत नसतील तर मुद्दाम कसे?"

दोन दिवसांनी यादी आली. एका जुन्या जाहिरातीच्या पाठीवर, तीन रंगांत, एकशे चौदा नोंदी. काकूंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. '३.१२, पंखा. ३.४०, पंखा बंद. ३.५५, पंखा बंद झाल्याचं दुःख.'

"हे तिसरं ऐकू कसं येणार?"

"येतं, काकू," गायिका म्हणाली.

सोमवारी सकाळी नमुना आला. चौकडी चपला-किल्ल्या बाहेर ठेवून भिंतीला टेकून जमिनीवर बसली, खुर्चीत काकू, मांडीवर वही, शेजारी यादी. चष्मा तेवढा घरी राहिला होता, म्हणून यादी गायिकेने हलक्या आवाजात वाचायची असं ठरलं. सुई टेकली. खालून खसखस सुरू झाली. काकूंनी ओठ मिटून घेतले आणि त्या कामाला लागल्या.

उलटं गाणं, बरोबर. बादलीत गिटार, बरोबर. कात्री, बरोबर. तीन मिनिटं पंचावन्न सेकंदांवर कुणीतरी अगदी बारीक नाक ओढलं. काकूंनी त्याच्यापुढेही खूण केली. पहिली बाजू संपली तेव्हा यादीत नसलेला एकही आवाज निघाला नव्हता आणि यादीतला एकही गळाला नव्हता. चौकडी काकूंकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागली. एवढं लक्ष देऊन त्यांचं गाणं त्यांच्या आयांनीही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला शेवटी अकरा मिनिटांचं एक गाणं होतं. सगळं घोडं तिथे पेंड खात बसलं.

ते गाणं ड्रमवाल्याचं. त्याची कल्पना अशी: रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश फिरते, म्हणजे एक फेरा पावणेदोन सेकंदांहून नखभर जास्त. मोठ्या ढोलावर बरोबर तेवढ्याच अंतराने एकेक ठोका मारत राहायचं. असं केलं तर प्रत्येक ठोका रेकॉर्डवर आधीच्या ठोक्याला खेटून, एकाच ओळीत पडणार. अकरा मिनिटांत तीनशे सदुसष्ट ठोके, आणि रेकॉर्ड उजेडात धरली की ठोक्यांची एक रेघ दिसणार, गाणं सुरू होतं तिथून मध्यापर्यंत. ताल डोळ्यांनी बघता येणार! बाकीच्या तिघांनी त्याला आधी वेड्यात काढलं होतं. मग एका कानात रिकाम्या रेकॉर्डची टिकटिक घालून तो अकरा मिनिटं खरोखरच बसला आणि न थांबता वाजवून उठला. नमुना हातात आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर तो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. रेघ होती. केसाएवढी बारीक, चकचकीत आणि फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ. तेव्हापासून तो जमिनीपासून दोन बोटं वर चालत होता.

काकू ऐकत होत्या. धप्प. धप्प. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी मान कलती केली. चौथ्या मिनिटाला डोळे उघडले. सहाव्या मिनिटाला सुई उचलली.

"यात एक टिक आहे. यादीत नाही."

"ती टिक नाही काकू, तो मी आहे," ड्रमवाला म्हणाला. "काठीचा आवाज."

"काठी तुझी. टिक तुझी नाही. ती साच्यावरचा ओरखडा आहे. दर फेऱ्याला एकदा येते."

"मीही दर फेऱ्याला एकदाच येतो! सगळी गंमतच ती आहे!"

काकूंची पंचाईत अशी, की सत्तावीस वर्षं त्या ओरखडा याच खुणेवरून ओळखत आल्या होत्या. पावणेदोन सेकंदांहून नखभर जास्त अंतराने येणारा आवाज तो यंत्राचा. बाकी सगळा माणसाचा. आणि आता हा पोरगा नेमका यंत्राच्या जागी जाऊन बसला होता.

"ऐक," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला टिक आणि धप्प एकत्र आहेत. चौथ्या मिनिटापासून टिक आधी, धप्प मागून. माझा अंदाज आहे, पुढे कुठेतरी उलटं होईल."

सुई पुन्हा टेकवली. नवव्या मिनिटाला उलटं झालं. धप्प आधी, टिक मागून.

"एकाच हाताचे दोन आवाज असते तर त्यांची रांग मोडली नसती," काकू म्हणाल्या. "टिक आहे तिथेच आहे. तू आधी मागे पडलास आणि मग घाई केलीस."

खोलीत शांतता पसरली. तिथली शांतता म्हणजे काय विचारता. वायरवाल्याच्या पोटातली गुडगुड सगळ्यांना ऐकू आली.

"मी मागे पडलो नाही," ड्रमवाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मागे पडलो असतो तर रेघ वाकडी आली असती. रेघ बघा. बघा की! सरळ आहे!"

रेघ सरळ होती. चष्मा नसतानाही तेवढं दिसत होतं.

गोष्ट साहेबापर्यंत गेली. मूळ टेपवरून खरंखोटं करावं तर टेपच उरली नव्हती. चौकडीने तिचे वीतभर लांबीचे पाचशे तुकडे करून प्रत्येक पाकिटात एकेक घातला होता. 'अल्बम निघाला की मागे फिरायचं नाही' असं त्यामागचं तत्त्व. उरली होती कारखान्यातली 'आई', म्हणजे धातूची ती पहिली चकती, जिच्यावरून छपाईचे साचे काढतात. तिच्यावर सुई टेकवता येते, पण टेप नसताना आईला धक्का लावायची कुणाची छाती नव्हती. नवा साचा काढायला दोन दिवस लागणार, आणि रविवारी चौकडीचा कार्यक्रम ठरलेला.

"काकू," साहेब अगदी हळू म्हणाला, "मागच्या वर्षी वाळू होती. यंदा काय, सिमेंट?"

"यंदा ओरखडा आहे."

"वाजवणारा म्हणतो माझा आवाज आहे. तुम्ही म्हणता नाही. मी कुणाचं ऐकू?"

"त्याचं ऐकायचं असेल तर मला कशाला ठेवलंय?"

"तोच विचार करतोय," साहेब म्हणाला. "उद्या दोनपर्यंत शिक्का द्या. नाही तर दाखवून द्या. ऐकवून नको, काकू. आम्हाला ऐकू येत नाही तेवढं. दाखवा."

संध्याकाळी काकूंनी हा सगळा प्रकार गवंडीबुवांना सांगितला. त्यांना काही सांगायचं म्हणजे डाव्या कानाशी बसून, एकेक शब्द सुटा करून सांगावं लागे. त्यामुळे घरातल्या सगळ्या कहाण्या आपोआप आटोपशीर होत.

"तो पोरगा सरळ वाजवतो?" गवंडीबुवांनी विचारलं.

"तो म्हणतो, सरळ."

"हाताने?"

"हाताने."

"मग खोटं बोलतो. हाताने केलेलं सरळ नसतं. मी चाळीस वर्षं ओळंबा कशाला टांगत होतो?" आणि उशी डाव्या कानाखाली घेऊन ते झोपले. त्या कानावर झोपले की त्यांच्यासाठी जग बंद होई.

मंगळवारी काकू पुन्हा चष्मा विसरल्या. याचं कारण डोक्यात पॅकिंगचा रेडिओ वाजत होता. अकराच्या सुमाराला गवंडीबुवा चष्म्याची डबी घेऊन कारखान्यात हजर. बोळात त्यांची गाठ ड्रमवाल्याशी पडली. तो सकाळपासून तिथेच येरझाऱ्या घालत होता, कारण दोन वाजता शिक्का पडतो की नाही यावर त्याचीही झोप उडालेली.

"ऐकायची खोली हीच का?" गवंडीबुवा ओरडले. सहा प्रेस थांबल्यासारख्या वाटल्या.

आत काकूंनी नमुना दिव्याखाली धरला होता आणि त्या डोळे बारीक करून बघत होत्या. चौकडीतले बाकीचे तिघे भिंतीला टेकलेले.

"अहो, चपला!"

"काय?"

"काही नाही. चष्मा द्या."

गवंडीबुवांनी डबी दिली आणि सवयीने वाकून, बायको काय बघते आहे ते बघितलं. त्यांचे डोळे मात्र पक्के होते. त्यांनी दिव्याची मान धरली, आणखी खाली वाकवली, रेकॉर्ड जरा तिरपी केली आणि म्हणाले, "ह्या दोन रेघा कसल्या?"

"दोन?" ड्रमवाला दारातूनच म्हणाला.

"दोन म्हणजे दोन. ही चकचकीत, ती ओळंब्यात आहे. आणि ही तिच्या बाजूने गेलेली करडी. हिला पोट आलंय."

भिंत मध्येच फुगून बाहेर आली की तिला पोट आलं म्हणतात. चष्मा लावून काकूंनी बघितलं. मग चौघांनी एकामागून एक बघितलं. रेकॉर्डवर जिथे आवाज मोठा तिथे खाच करडी दिसते, शांत असते तिथे काळी. ढोलाच्या ठोक्यांचे करडे ठिपके शिस्तीत एकाखाली एक बसले होते. सुरुवातीला चकचकीत रेघेला अगदी चिकटून, मग चौथ्या मिनिटाच्या आसपास हळूहळू एका अंगाला सरकत, मग सावकाश परत येत, रेघ ओलांडत आणि शेवटी दुसऱ्या अंगाला. सबंध ओळ म्हणजे एखादा माणूस रस्त्याच्या मधोमध चालायचं ठरवून निघाला आणि वाटेत दोन्हीकडची दुकानं बघत गेला, तशी.

"हा मी?" ड्रमवाल्याने करड्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा तू," काकू म्हणाल्या.

"आणि ही सरळ?"

"ती टिक."

ड्रमवाला खाली बसला. कालपासून तो ज्या रेघेवर जीव टाकत होता, जिचा फोटो त्याने आईला, मावशीला आणि जुन्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना पाठवला होता, ती एक ओरखडा निघाली होती.

"एवढं मनाला लावून घ्यायचं नाही," गवंडीबुवा त्याच्या डोक्यावर ओरडले. "अकरा मिनिटांत एवढंसं पोट म्हणजे काहीच नाही. माझ्या मेहुण्याची अख्खी भिंत बाहेर आली होती!"

साहेबाला बोलावलं. त्याने दिव्याखाली पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. मग प्रेसवाल्या दादाला हाक मारली. दादा कारखान्यात वीस वर्षं काढलेला जुना माणूस, साचा प्रेसवर चढवण्याचं काम त्याचं. त्याने एकच नजर टाकली आणि मानेमागे खाजवायला लागला.

"ते काय झालं साहेब, साचा आला तेव्हा त्याच्यावर एक करडी रेघ दिसली. अर्ध्यापासून आतपर्यंत. मी म्हटलं, घाण बसलीय. फडक्याने पुसली."

"मग?"

"निघेना. म्हणून जोर लावून पुसली."

फडक्यात कसला तरी खरखरीत कण होता. ड्रमवाल्याने तीनशे सदुसष्ट ठोके मारून जी रेघ उमटवली होती ती दादाला मळ वाटली, आणि ती पुसता पुसता त्याने शेजारी एक नवी ओढली. फक्त दादाने एका दमात, सरळ हात ओढला होता. त्याला कुठे अकरा मिनिटं ताल धरायचा होता?

काकू वहीत लिहीत होत्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण खुर्चीच्या नमद्यातले पाय किंचित हलत होते, हे गायिकेने पाहिलं. बोळातल्या तीन गोण्या आत्ता खऱ्या उचलल्या गेल्या होत्या.

आता प्रश्न होता चौकडीचा. गायिकेचे डोळे चमकले. "हे किती भारी आहे! माणूस आणि ओरखडा, दोघं शेजारी शेजारी चालताहेत. तसंच ठेवू या."

"मीही तेच म्हणतो," वायरवाला म्हणाला. गिटारवाल्यानेही मान हलवली. साहेबाचा चेहरा उजळला. दोन दिवस वाचणार होते. त्याने काकूंकडे वळून म्हटलं, "मग काय काकू, यादीत एकशे पंधरावी नोंद घाला की. मुद्दाम."

काकूंनी पेन खाली ठेवलं. "मुद्दाम म्हणजे आधी ठरवलेलं. झाल्यावर ठरवलेलं मुद्दाम नसतं. मी घालणार नाही. तुम्हाला छापायचं तर छापा, शिक्क्याशिवाय."

"काकू, जरा ऐका..."

"काढा ती," ड्रमवाला जमिनीवरून म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"कोण बोलतंय बघा," गिटारवाला म्हणाला. "कालपर्यंत त्याच रेघेसाठी भांडत होतास."

"कालपर्यंत ती मी होतो! आता ती माझ्या शेजारी उभी राहून जन्मभर सांगत बसणार, हा बघा इथे मागे पडला, हा बघा इथे पळाला. ओळंबा टांगून ठेवल्यासारखा! ती नसेल तर कुणाला कळणार आहे मी वाकडा गेलो ते?" त्याने काकूंकडे पाहिलं. "काकू, ती काढली की कळेल का?"

काकूंनी वहीतली नोंद पाहिली. "ढोल नुसता ऐकला तर सरळच वाटतो. मी चार मिनिटं तुला सरळच समजले होते. टिक होती म्हणून सापडलास."

"ऐकलंत? काढा."

चौकडीत एकाचं गाणं त्याच्या मर्जीविरुद्ध छापायचं नाही असा नियम होता. टेप कापण्याच्या नियमाच्याही आधीचा. गायिकेने हात वर केले. साहेबाने आईवरून नवा साचा काढायला सांगितलं. दादाला वेगळं बोलावून सांगितलं, की या वेळी करडी रेघ दिसली तर हात खिशात ठेवायचे.

दोन दिवस काकूंना घास गोड लागला नाही. ओरखडा साच्यावरच आहे, आईवर नाही, हे त्यांनी दिव्याखाली पाहून नव्हे, दादाच्या कबुलीवरून धरलं होतं. आईवरच असता तर नव्या साच्यावरही तो उमटला असता, आणि मग पॅकिंगचा रेडिओ काही दूर नव्हता. गवंडीबुवांनी त्यांना धीर दिला, इतका मोठ्याने की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली विचारायला आल्या.

शुक्रवारी सकाळी नवा नमुना आला. चौकडी पुन्हा भिंतीला टेकली. या वेळी साहेबही आला, बूट बाहेर ठेवून, आणि त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे हे सगळ्यांना कळलं. सुई टेकली. शेवटचं गाणं आलं. धप्प. धप्प. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. चौथं मिनिट गेलं. सहावं गेलं. नवव्या मिनिटाला ड्रमवाल्याने श्वास रोखला, आणि काकूंनी डोळे न उघडता बोटाने 'श्वास सोड' अशी खूण केली, कारण रोखलेला श्वासही त्यांना ऐकू येत होता.

अकरा मिनिटं संपली. काकूंनी सुई उचलली, वहीत 'दोष नाही' लिहिलं, शिक्का शाईच्या गादीवर टेकवला आणि पाकिटावर मारला. ऐकले.

साहेब उठला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काकू, ही खोलीतली खुर्ची जुनी झालीय. नवी देऊ का?"

"नको. हिला गप्प बसवायला मला सहा वर्षं लागली."

सगळे बाहेर पडले. ड्रमवाला मागे रेंगाळला.

"काकू, आता खरंच कळणार नाही ना कुणाला?"

"कुणाला नाही."

"तुम्हाला?"

"चार मिनिटं दहा सेकंदांवर मागे पडायला लागतोस. आठ वीसला पळतोस."

"टिक नसतानाही?"

"एकदा कळलं की कळतंच."

तो हिरमुसला. काकूंनी शिक्का डबीत ठेवला, डबी खणात ठेवली, आणि पुढची रेकॉर्ड पाकिटातून काढली. परदेशी भाषा घरबसल्या शिकण्याचा कोर्स होता, भाग तिसरा.

"जाताना दार ओढून घे," त्या म्हणाल्या. "सावकाश. तुझा हात जड आहे."